सौंसरच्या गारगोटीतले जंगल आणि झाडावरचा जुना रहिवासी

आपल्या पांढुर्णा-सौंसर भागातील किती तरी घरांतली मुले-मुली आता नागपूर-पुण्यापलीकडे थेट मेलबर्न-सिडनीपर्यंत पोचली आहेत. तिकडून येणाऱ्या फोटोंत एक प्राणी हमखास असतो. राखाडी लोकरीचा, मोठ्या काळ्या नाकाचा, निलगिरीच्या फांदीला मिठी मारून झोपलेला कोआला. घरातली नातवंडे फोटो पाहतात आणि विचारतात, हा आपल्याकडे का नाही? निलगिरी तर आपल्याकडेही आहे, धुऱ्यावर आहे, रस्त्याच्या कडेला आहे. प्रश्न लहान मुलाचा असला तरी सोपा नाही. आम्ही त्याच्या मागे लागलो तेव्हा वाटले होते की उत्तर ऑस्ट्रेलियाच्या पुस्तकात सापडेल. पण त्याचा मोठा भाग आपल्याच तहसिलीच्या दगडांत निघाला. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी हा विषय घेतला आहे.

आधी त्या पाहुण्याची ओळख करून घेऊ. कोआलाला पुष्कळ जण अस्वल म्हणतात, पण अस्वलाशी त्याचे काही नाते नाही. तो पोटाला पिशवी असलेल्या, म्हणजे शिशुधान प्राण्यांपैकी आहे, कांगारूच्या गोतातला. मादीचे गर्भारपण अवघे पस्तीस दिवसांचे. जन्मणारे पिल्लू दोनएक सेंटिमीटरचे, डोळे मिटलेले, अंगावर केस नसलेले, घेवड्याच्या दाण्याएवढे. ते आपल्या पुढच्या पायांनी सरपटत आईच्या पिशवीत शिरते, स्तनाग्र तोंडात धरते आणि सहा-सात महिने तिथेच वाढते. पुढे काही महिने आईच्या पाठीवर. निलगिरीची पाने हेच त्याचे जेवण. ही पाने चिवट, विषारी तेलाने भरलेली आणि पोषणाला कमी. ती पचवायला फार वेळ लागतो, त्यामुळे दिवसातले 18 ते 20 तास हा गडी झोपेत काढतो. पानातले विष पचवणारे जिवाणू पिल्लाला आईच्या पोटातून मिळतात. पिशवी सोडण्याच्या सुमारास आई आपली एक खास मऊ विष्ठा त्याला खाऊ घालते. ऐकून नाक मुरडले जाईल, पण ते बाळाचे उष्टावणच आहे.

गाय, माकड, खार, वटवाघूळ, माणूस या सगळ्यांची रीत वेगळी. आपली पिल्ले आईच्या पोटात वारेच्या आधाराने पुष्कळ वाढून मगच बाहेर येतात. जगात सस्तन प्राण्यांच्या या दोन मोठ्या शाखा आहेत, एक पिशवीची आणि एक वारेची. भारतात आज पिशवीवाल्या शाखेचा एकही रानटी प्राणी नाही. कोआला नाही, झाडावर चढणारा कांगारू नाही, अमेरिकेत घराच्या माळ्यावर शिरणारा ओपोसमही नाही.

याचे कारण शोधताना पहिला थांबा लागतो तो आपल्या ओळखीच्या नावाचा. शाळेच्या भूगोलात गोंडवन नावाच्या प्राचीन महाखंडाचा धडा असतो. दक्षिण अमेरिका, आफ्रिका, अंटार्क्टिका, ऑस्ट्रेलिया आणि भारत हे सारे एके काळी एकत्र होते, असे त्यात सांगितलेले असते. हे नाव आले ते सातपुड्यातून. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे एच. बी. मेडलिकॉट यांनी 1872 च्या सुमारास इथल्या कोळशाच्या खडकांना गोंडवाना हे नाव दिले. ऑस्ट्रियाचे एडुआर्ड स्यूस यांनी पुढे ते साऱ्या खंडाला लावले. म्हणजे परासियाच्या कोळशात आणि आपल्या देवगडच्या गोंड राजांच्या मुलखात रुजलेला शब्द आज ऑस्ट्रेलियातली मुलेही पाठ करतात. देवगडच्या बख्त बुलंद शाहाने नागपूर वसवले हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या लोकांचे नाव अर्ध्या पृथ्वीला मिळाले, हे मात्र थोड्यांच्या कानावर असते.

आता गंमत अशी की ज्या महाखंडाला आपले नाव, त्याच्यातून सर्वांत लवकर निघून गेलेल्या तुकड्यांत भारत आहे. सुमारे 13 कोटी वर्षांपूर्वी भारत अंटार्क्टिका-ऑस्ट्रेलियापासून सुटू लागला. सुमारे 9 कोटी वर्षांपूर्वी मादागास्करही मागे राहिला. त्यानंतर हा तुकडा एकटाच उत्तरेकडे सरकत गेला आणि सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी आशियाला भिडला. पिशवीवाले प्राणी ऑस्ट्रेलियात पोचले ते या फाटाफुटीनंतर. उत्तर अमेरिकेतून दक्षिण अमेरिकेत, तिथून तेव्हा हिरव्या असलेल्या अंटार्क्टिकातून ऑस्ट्रेलियात, अशी त्यांची वाट. अंटार्क्टिकाजवळच्या सिमोर बेटावर 1982 साली त्यांचे जीवाश्म मिळाले आणि ही वाट पक्की झाली. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या मर्गन गावाजवळ मिळालेले त्यांचे जुने जीवाश्म सुमारे साडेपाच कोटी वर्षांचे आहेत. एवढ्या काळात आपला तुकडा समुद्रात किती तरी दूर गेलेला होता. गाडी सुटून गेली आणि प्रवासी मागाहून फलाटावर आले, असा हा प्रकार.

मग त्या एकट्या पडलेल्या भारतात झाडांवर कोण राहत होते? झाडे तरी होती का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सौंसरने दिले आहे.

आपल्या काळ्या मातीखाली काळा पाषाण आहे, विहीर खणणाऱ्या प्रत्येकाला तो लागतो. तो थिजलेला लाव्हा. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या जमिनीला भेगा पडून लाव्ह्याचे पूर आले. मुख्य उद्रेक दहा लाख वर्षांच्या आसपास चालला, आणि आजही त्याने झाकलेला प्रदेश सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर भरतो. पण हा लाव्हा अखंड वाहत नव्हता. एक पूर यायचा, थिजायचा, मग हजारो वर्षे शांत जायची. त्या काळात खोलगट जागी तळी साठायची, काठाने रान उगवायचे, त्यात जीव नांदायचे. मग पुढचा पूर येऊन सारे झाकून टाकायचा. दोन लाव्ह्यांच्या मधल्या या पातळ थरांत त्या तळ्यांचा गाळ आहे. लाव्ह्यातून झिरपलेल्या वाळूच्या अंशाने, म्हणजे सिलिकाने, तो गाळ कित्येक ठिकाणी गारगोटीसारखा कठीण झाला आणि आतली पाने, फळे, लाकूड पेशी-न्-पेशी टिकून राहिले. पांढुर्ण्यात गोटा म्हटला की लोकांना पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची गोटमार आठवते. ते जाम नदीचे गोटे झाले. हे गोटे वेगळे.

या दगडांकडे पहिल्यांदा नीट पाहिले ते नागपुरात. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी 1845 मध्ये नागपूरला आले. तेव्हा भोसल्यांचे राज्य होते, आपला मुलूखही त्यातच. दोन वर्षांनी रॉबर्ट हंटर हे सहकारी आले. दोघे धर्मप्रचाराच्या फेऱ्या करत आणि वाटेतले दगड गोळा करत. शहरालगतच्या टाकळीच्या थरांत त्यांना शंख, बिया, लाकडाचे तुकडे मिळाले. वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याहून हिस्लॉपने डायनोसॉरची हाडेही जमवली. 1855 साली नागपूर परिसराच्या भूगर्भावरचा दोघांचा लेख लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या नियतकालिकात आला. 4 सप्टेंबर 1863 ला टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून घोड्यावरून परतताना हिस्लॉप नाल्याच्या पुरात वाहून गेले. गोंड लोकांविषयीची त्यांची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी 1866 मध्ये छापून काढली. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे. आपल्या भागातले कित्येक जण तिथे शिकले असतील. हे नाव लक्षात ठेवावे, ते पुढे पुन्हा येणार आहे.

सौंसरचा क्रमांक नंतर लागला. मँगनीजच्या शोधात एल. एल. फर्मोर यांनी ही तहसील पायाखाली घातली. इथले लाव्ह्याच्या कितीतरी आधीचे रूपांतरित खडक आज जगभर सौंसर याच नावाने ओळखले जातात. भंडारा-बालाघाटपर्यंत पसरलेल्या त्या खडकांवर लिहिणाऱ्या परदेशी माणसालाही सौंसर हा शब्द लिहावा लागतो. मग आले लखनौचे वनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी. के. पी. रोडे यांच्यासह 1937 मध्ये त्यांनी मोहगाव कलांच्या जीवाश्मांवर लेख लिहिला. (हे मोहगाव छिंदवाड्याकडचे. आपले सौंसरजवळचे मोहगाव हवेली ते निराळे, गल्लत होते म्हणून सांगितले.) 1943 मध्ये साहनी आणि एच. एस. राव यांनी खास सौंसरभोवतीच्या गारगोट्यांतल्या वनस्पतींवर लिहिले. त्यात एका पाणशेवाळाला त्यांनी कारा सौंसरी असे नाव दिले. त्यातच एक अझोला आहे. गुरांच्या खाद्यासाठी हल्ली घरोघर प्लास्टिकच्या टाक्यात वाढवतात ना, त्याच हिरव्या तरंगत्या नेच्याचा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा भाऊबंद. नागपूरच्या सायन्स कॉलेजचे व्ही. बी. शुक्ल यांनी 1944 मध्ये मोहगाव कलांच्या दगडातल्या एका फुलाला साहनींचे नाव दिले. दगडात फळे-लाकूड टिकते, पण फूल, परागांसकट, हे फार दुर्मीळ.

साहनींची गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. लखनौच्या त्यांच्या संस्थेच्या इमारतीसाठी त्यांनी जीवाश्म बसवलेली कोनशिला स्वतः तयार केली. 3 एप्रिल 1949 ला पंडित नेहरूंनी ती बसवली. त्याच आठवड्यात साहनी गेले.

या सगळ्या नमुन्यांतून जे रान उभे राहते ते आजच्या सागवनासारखे बिलकूल नाही. मोहगाव कलांला निपा नावाच्या पामची फळे मिळाली आहेत. हा पाम आज सुंदरबनात, खाडीच्या खाऱ्या चिखलात वाढतो. इतर पामची खोडे, केळीच्या जवळपासच्या जाती, पाणनेचे, शेवाळ, सगळे दमट उष्ण प्रदेशाचे. समुद्र इथे कुठून आला असे साहनींच्या काळी वाटणे साहजिक होते. त्यांनी मात्र खाडीची शक्यता तेव्हाच बोलून दाखवली. 2009 साली छिंदवाडा जिल्ह्यातल्याच झिलमिलीच्या थरांतून समुद्रात तरंगणारे सूक्ष्म जीव प्रसिद्ध झाले, ते नेमके डायनोसॉर संपल्यानंतरच्या काळाचे. म्हणजे समुद्राची एखादी जीभ खरोखरच इथवर येत होती. संत्र्यांचे माहेरघर म्हणून मिरवणारा आपला प्रदेश तेव्हा कोकणासारखा होता म्हणा ना.

आता या रानातला रहिवासी. तो सापडायला 1988 साल उजाडावे लागले. जी. व्ही. आर. प्रसाद आणि अशोक साहनी (बिरबल साहनींचे पुतणे) यांनी हैदराबादच्या पश्चिमेला विकाराबादजवळच्या नस्कल येथील अशाच दोन लाव्ह्यांमधल्या थरातून भारतातला त्या युगाचा पहिला सस्तन प्राणी जाहीर केला. नाव दिले डेक्कनोलेस्टेस हिस्लॉपी. दख्खनचा लुटारू, आणि पुढे आपल्या नागपूरच्या पाद्र्याचे नाव. सापडले होते काय? दात. तेही ज्वारीच्या दाण्याहून किती तरी लहान. असा दात शोधण्याची रीत आपल्या बायकांना सांगावी लागणार नाही. गाळाचा दगड पोत्यांनी आणायचा, भिजवून विरघळवायचा, बारीक चाळण्यांतून धुऊन काढायचा आणि उरलेला कणन्‌कण सूक्ष्मदर्शकाखाली निवडायचा. पोतेभर धान्यातून एक खडा काढतात, तसे टनभर खड्यांतून एक दाणा काढायचा.

दाढांच्या उंचवट्यांची ठेवण पिशवीच्या आणि वारेच्या शाखांत वेगळी असते. त्यावरून हा वारेच्या शाखेतला ठरला. उंचवटे अणकुचीदार, म्हणजे कीटक फोडून खाणारा. आकार उंदरा-चिचुंद्रीएवढा. गणपतीच्या अंकात उंदराची आठवण निघणारच, पण हा उंदीर नव्हे. कुरतडणाऱ्या दातांचा उंदीर-खारींचा वंश वेगळा. मग नस्कलच्या गाळातून घोट्याची हाडे मिळाली आणि 1994 मध्ये गोदिनो व प्रसाद यांनी ती वाचली. घोटा असा की पाऊल आतबाहेर सहज वळावे. जमिनीवर पळणाऱ्याला याची गरज नसते, उलट तसा घोटा लचकतो. खोडावर चढणाऱ्याला, फांदी धरणाऱ्याला मात्र तो लागतो. पुढे दंडाची आणि हाताची हाडे मिळाली. कोपराचा सांधाही पंजा फिरवता येईल असा निघाला. 2011 मध्ये अंजली गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या साऱ्यावरून मांडले की भारतात त्या काळी झाडावर राहणाऱ्या अशा प्राण्यांचा एक गटच फुलला होता.

इतक्या थोड्या हाडांवरून माणूस इतके सांगतो याचे काहींना हसू येईल. आम्हालाही सुरुवातीला आले. पण गुडघ्या-घोट्यावरून माणूस गवंडी आहे की शेतकरी हे आपले जुने वैद्य ओळखत, तशातलाच हा प्रकार. जे हाडावर लिहिलेले आहे तेवढेच शास्त्रज्ञ सांगतात. त्याचा रंग कोणता, शेपूट केवढी, तो रात्री हिंडे की दिवसा, हे हाड सांगत नाही. म्हणून आम्हीही ते रंगवून सांगत नाही.

नस्कल आपल्या दक्षिणेला. उत्तर-पूर्वेला दिंडोरी जिल्ह्यातल्या किसलपुरीलाही याच डेक्कनोलेस्टेसची जात मिळाली, तिला नर्मदेचे नाव आहे. मधे आपण. एका बाजूला प्राणी, दुसऱ्या बाजूला प्राणी, आणि मधल्या छिंदवाडा-सौंसरच्या गारगोट्यांत त्याच युगाचे रान. त्या पामांवर तो चढत नसेल असे मानायला आम्हाला तरी कारण दिसत नाही. खाली डायनोसॉर, दूरवर लाव्ह्याचा धूर आणि फांदीवर कीटक टिपणारा हा मूठभर जीव.

पुढे काय झाले? भारत आशियाला भिडला आणि उत्तरेची दारे उघडली. कुरतडणारे प्राणी, माकडांचे पूर्वज, मांसाहारी, सगळे ये-जा करू लागले. डेक्कनोलेस्टेसचा वंश आज कुठे नाही. युरोप-आफ्रिकेत त्याच्या जवळच्या गोतातले काही प्राणी थोडा काळ दिसतात आणि तेही संपतात. झाडावरची जागा खारींनी घेतली. आपल्या सातपुड्यातल्या बोरीच्या जंगलातले शेकरू 1913 साली कॅथलीन रायली यांनी वेगळी उपजात म्हणून नोंदवले. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने तेव्हा सस्तन प्राण्यांची मोठी पाहणी चालवली होती, तिच्यातले हे काम. शेकरू एकटे राहते, उंच फांद्यांत काटक्यापानांची एकाहून अधिक घरटी बांधते, जमिनीवर क्वचित उतरते, एका झाडावरून दुसऱ्यावर वीस फूट झेप घेते. महाराष्ट्राने त्याला राज्यप्राणी केले. आम्ही राहतो मध्य प्रदेशात, आमचा राज्यप्राणी बारशिंगा. 1956 च्या रेषेने अशा पुष्कळ गोष्टी वाटून टाकल्या. शेकराला अजून ती रेषा कळलेली नाही.

आणि उडती खार. पुढच्या-मागच्या पायांमधले कातडे पसरून ती रात्री झाडावरून झाडावर तरंगत जाते. ऑस्ट्रेलियात नेमकी अशीच दिसणारी, अशीच तरंगणारी एक पिशवीवाली आहे, शुगर ग्लायडर. दोघींचे रक्ताचे नाते नाही म्हटले तरी चालेल, इतके ते जुने आहे. एक पिल्ले झाडाच्या ढोलीत ठेवते, दुसरी अंगावरच्या पिशवीत. उंच झाड आणि मधली मोकळी जागा, हा पेच दोघींपुढे सारखा होता आणि दोघींनी तो सारखाच सोडवला. तेव्हा नातवंडाच्या प्रश्नाला इतके उत्तर द्यायला हरकत नाही की कोआला आपल्याकडे आला नाही कारण आपली जमीन त्याच्या आधी निघाली होती, आणि आपली झाडे तोवर रिकामी नव्हती.

शेवटी एक कामाची गोष्ट. मंडला (आता दिंडोरी) जिल्ह्यातल्या घुघुआला 1983 पासून जीवाश्मांचे राष्ट्रीय उद्यान आहे. तिथले झाडांचे दगड 1970 च्या दशकात उजेडात आणले ते जिल्ह्याचे सांख्यिकी अधिकारी डॉ. धर्मेंद्र प्रसाद यांनी. आकडे जुळवणारा सरकारी माणूस, आमच्याच बिरादरीतला म्हणायचा. आपल्याकडे असे उद्यान नाही. आपल्याकडे गारगोटी नांगराला लागते म्हणून वेचून धुऱ्यावर टाकतात, धुऱ्यावरून ती पायव्यात जाते, उरलेली रस्त्याच्या खडीत. त्यात कोणाची चूक नाही, नांगराचा फाळ मोडला तर तो शेतकऱ्याचा मोडतो. पण 2023 मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. नव्या जिल्ह्याच्या इतिहासाची पुस्तके आता लिहिली जातील. त्यांची सुरुवात देवगडपासून होईल आणि भोसल्यांवर येईल. ती त्याच्या साडेसहा कोटी वर्षे आधीपासून करता येईल एवढा माल याच जमिनीत पडून आहे.

म्हणून यंदा दिवाळीच्या नांगरटीत धुऱ्यावर टाकण्याआधी गोटा एकदा ओला करून पाहावा. ओल्या गारगोटीवर लाकडाचे बारीक ठिपके-रेषा उठून दिसतात. पामचे खोड असेल तर कापल्या बाजूला ठिपकेच ठिपके, साबुदाण्यासारखे. दुसऱ्या झाडाचे असेल तर वर्तुळे. शंखांचा दगड असेल तर छोटे वळसे. असा दगड मिळाला तर फोडू नये, कोणत्या शेतात कोणत्या खोलीवर मिळाला ते कागदावर लिहून त्याच्यासोबत ठेवावे आणि जवळच्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र किंवा भूगर्भशास्त्राच्या शिक्षकांना दाखवावा. दगडापेक्षा तो कागद जास्त मोलाचा असतो. जागा न कळलेला जीवाश्म शोकेसमध्ये ठेवण्यापलीकडे उपयोगाचा राहत नाही.